दहावा हिस्सा, चौदा तास

हिंदी मुलखातल्या रांझीच्या त्या गल्लीत कुणाच्या रिमोटचा, घड्याळाचा किंवा कॅमेऱ्याचा चार्जिंगवाला सेल उतरला, की तो अच्युतराव पाग्यांच्या ओट्यावरच्या बिस्किटाच्या डब्यात येऊन पडायचा. चिठ्ठी नको, विचारणं नको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठनंतर भरलेला सेल त्याच डब्यातून न्यायचा. आठच्या आधी कुणी आलं तर अच्युतराव त्याला पाणी विचारायचे, चहा विचारायचे, पण सेल द्यायचे नाहीत.

त्यांचा नियम एका ओळीत मावत होता. सेलवर जेवढी क्षमता छापली असेल तिच्या दहाव्या हिश्श्याएवढा करंट, आणि चौदा तास. सेल दोन हजार एमएएचचा असेल तर दोनशे मिलिअँपिअर. सकाळी सहाला लावायचा, संध्याकाळी आठला काढायचा.

“दहावा हिस्सा तर दहा तासांत भरायला पाहिजे ना यार,” शेजारचे रत्नाकर डोंगरे म्हणायचे. “हे वरचे चार तास काहून?”

“सांडतात. भरताना थोडं सांडतेच.”

“माझ्याजवळ पोरानं पाठवलेला चार्जर आहे. एका घंट्यात टकाटक.”

“आणि सहा महिन्यांत सेल मेला.”

“मरू दे. नवीन घेऊ. तू तर सेलची अशी सेवा करून राहिला जशी काही ते तुला म्हातारपणी पोसणार आहेत.”

रत्नाकर कारखान्यात स्टोअरला होते, अच्युतराव एक्झामिनर. चौतीस वर्षं अच्युतरावांचं काम म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूकडे बघून मान हलवायची, बहुधा आडवी. लग्न राहून गेलं, तेही बहुधा त्याच सवयीनं. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी स्वतःच एक चार्जर बांधला. पत्र्याच्या पेटीत ट्रान्सफॉर्मर, वर करंट दाखवणारा काटा, आणि शून्यापासून हजारापर्यंत फिरणारी घुंडी. घुंडी दोनशेच्या पुढं जाऊ नये म्हणून तिच्यावर कागदाची पट्टी डकवली होती, आणि पट्टीवर सही, तारीख. घरात ती पट्टी फाडू शकेल असा माणूस एकच होता, आणि सहीही त्याचीच होती. पण सील ते सील.

सेल भरला की नाही, हे ते काट्यावरून ठरवायचे नाहीत, अंगठ्यावरून ठरवायचे. शेवटच्या तासाला भरलेला सेल कोमट होतो. पोट भरलेलं असतं, वरून येणारा करंट त्याला नको असतो, मग तो ऊब होऊन बाहेर पडतो. दहावा हिस्सा असेल तर नुसती ऊब. जास्त रेटलं तर चटका, मग फुगणं, मग पाझरणं. म्हणून चौदाव्या तासाला अच्युतराव एकेका सेलवर अंगठा ठेवून डोळे मिटायचे, आजारी पोराचा ताप बघावा तसे.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता त्यांची थोरली बहीण पडली. सत्यभामाबाई, घरच्यांच्या अक्का. शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढ्यात एका शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, एकट्याच राहायच्या. आई गेली तेव्हा अच्युत नऊ वर्षांचा होता आणि अक्का अठरा. त्यानंतर त्याची आई तीच. तिचं लग्न राहून गेलं त्याचं कारण मात्र सवय नव्हती, अच्युत होता.

लाइट गेली म्हणून ती टॉर्च घेऊन उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात कोसळली. सकाळी दूधवाल्यानं पाहिलं. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती, आणि उजव्या मुठीत टॉर्च होती, अजून पेटलेली. उजेड फक्त लाल धाग्यापुरता उरला होता. दवाखान्यात दोन माणसांनी मिळून ती बोटं उलगडली. टॉर्च हातातून सुटली त्या क्षणाला विझली. अच्युतराव समोरच उभे होते. आतले सेल त्यांचेच होते, त्यांनीच भरून दिलेले. नखांच्या लाल पॉलिशनं त्यांनीच घातलेले आकडे: सात आणि आठ.

अक्का रांझीला आली. आतल्या खोलीत तिची खाट पडली. सकाळी सहा ते रात्री आठ तिचं सगळं करायला पुष्पा येऊ लागली. तिचा नवरा रिछाईच्या एका कारखान्यात होता आणि माहेर वर्ध्याकडचं. अक्काच्या डाव्या हाताशी बिनतारेच्या घंटीचं बटण दिलं. एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे भांडं, तीनदा म्हणजे ये. घंटी बैठकीत वाजायची. अक्का आयुष्यभर वर्गावर हुकूम चालवलेली बाई. तीन हुकूम तिला कमी पडत असतील, पण तक्रार करायला चौथा नव्हता.

सात आणि आठ नंबरचे सेल तीन महिने खणात पडून होते. अच्युतरावांना त्यांना हात लावायचा धीर होत नव्हता. मग डिसेंबरात घंटीतले सेल थकले, दुसरे जवळ नव्हते, तेव्हा त्यांनी एका सकाळी सहाला सात-आठ काढून चार्जरला लावले. दोनशे. चौदा तास.

संध्याकाळी आठला अंगठा ठेवला, तर सेल विहिरीतल्या दगडासारखे गार.

काटा बरोबर दोनशेवर होता. करंट जात होता, हे नक्की. सेल घेतही होते. पण पोट भरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आणखी चौदा तास. तिसऱ्या दिवशी आणखी. गार ते गारच. बेचाळीस तास दोनशेचा करंट कुठंतरी जात होता आणि एक्झामिनरला तो कुठं जातो हे सांगता येत नव्हतं. चौतीस वर्षांत अशी पाळी आली नव्हती.

चौथ्या दिवशीही सात-आठ चार्जरलाच होते, आणि दुपारी पुष्पा बैठकीच्या दारात आली.

“भाऊ, जरा इकडं येता का? अक्काचा हात गरम लागून राहिला.”

“ताप आहे?”

“ताप असता तर सगळं अंग गरम असतं. हा एकच हात. तो मेलेला.” तिनं जीभ चावली. “म्हणजे, तो उजवा.”

अच्युतरावांनी अंगठा ठेवला. तीन महिने तो हात पंख्याखाली ठेवलेल्या भाकरीसारखा गार आणि जड होता. आज तो कोमट होता. ही ऊब अंगठ्याच्या ओळखीची होती. भरत आलेल्या सेलची.

ते तसेच वळले. बैठकीत गेले आणि चार्जर बंद केला. दहा मिनिटांनी हात गार. चालू केला, हात कोमट. सात-आठ काढून घंटीतले उतरलेले सेल लावले, तर काही नाही. परत सात-आठ लावले, तर कोमट. तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच उत्तर आलं तर एक्झामिनरला वाद घालायचा हक्क उरत नाही, एवढं ते शिकले होते.

“भाऊ,” पुष्पानं हळूच विचारलं, “हे चांगलं आहे का वाईट?”

“मी नोंद करून राहिलो,” अच्युतराव म्हणाले.

घंटीत त्यांनी बाजारचे नवे सेल टाकले आणि एक वही घातली. तारीख, वेळ, करंट, सेलची ऊब, हाताची ऊब. अक्काच्या मुठीत तापाचं थर्मामीटर धरून ते आकडा लिहायचे. आठव्या दिवशी करंगळी हलली. पंधराव्या दिवशी चारही बोटं आत वळू लागली. वळून ती पुरती मिटत मात्र नव्हती. मध्ये जागा ठेवून थांबत होती. पुष्पाला वाटलं, आखडली. अच्युतरावांनी खणातली टॉर्च आणून त्या जागेशी धरून पाहिली. तेवढीच जागा होती.

डॉक्टर आले, त्यांनी बोटं दाबली, म्हणाले, “होता है, होता है. मालिश चालू रखिए.” अच्युतरावांनी त्यांना चहा दिला.

वहीत शेरा लिहायचा एक रकाना होता. त्यात त्यांनी पेन्सिलीनं काही गोष्टी लिहिल्या, कारण शाईनं लिहावं असं वाटलं नाही. चार्जर चालू असतो त्या चौदा तासांत अक्का झोपत नाही. पाणी मागत नाही. घंटी वाजत नाही. पुष्पा म्हणते पापणी लवत नाही. मी सात मिनिटं बघितलं, लवली नाही. आठला बंद केलं की डोळे मिटतात, आणि मग जागी झाली की ती चार माणसांचं जेवते.

“मला भेव लागते, भाऊ,” पुष्पा एकदा भांडी घासता घासता म्हणाली. “बाई माझ्याकडं पाहते तर असं वाटते, कोणी दुसऱ्या खोलीतून पाहून राहिलं.”

“हात सुधरून राहिला ना?”

“हात सुधरून राहिला.”

“मग झालं तर.”

जानेवारी संपला तरी हात खाटेवरून उचलला गेला नव्हता. रत्नाकरना सेलांचं काही माहीत नव्हतं, त्यांना वाटायचं सगळं मालिशीनं चाललंय. ते अक्काला भेटून बाहेर आले आणि ओट्यावर बसले.

“सुधार आहे, बरं का. पण किती दिवसांत? दीड महिन्यात बोटं वळली. कोपर कधी वळणार? खांदा कधी?”

“हळूहळू होईल.”

“सेललाही हळूहळू, बहिणीलाही हळूहळू! अक्काचं वय काय?”

“एकाहत्तर.”

“मग हे चौदा-चौदा तास तू कुणासाठी ठेवून राहिला भैया? अरे जोर वाढव ना थोडा.”

रत्नाकर मालिशीबद्दल बोलत होते. अच्युतराव रात्रभर त्याचाच विचार करत राहिले.

कारखान्यात एखादी वस्तू मर्यादेबाहेर पास करायची असली की कन्सेशनचा फॉर्म भरावा लागे. अच्युतरावांकडे त्या फॉर्मांचं एक जुनं पॅड होतं. सकाळी त्यांनी एक फॉर्म काढला. वस्तू: सेल नं. ७ व ८. क्षमता: दोन हजार. मंजूर करंट: दोनशे. मागणी: पाचशे. कारण: प्रगती मंद. अर्जदार म्हणून सही केली, चष्मा पुसला, आणि मग मंजुरी देणारा म्हणून तोच कागद वाचला. कारण अपुरं वाटलं. त्यांनी अर्ज नामंजूर केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा फॉर्म भरला. कारण: अर्जदार नऊ वर्षांचा असताना बहिणीनं त्याला ज्या हातानं भरवलं, तो हात अर्जदाराला परत हवा आहे. मंजुरी देणाऱ्यानं हे दोनदा वाचलं आणि सही केली.

पट्टी फाडली. चार्जर त्यांनी आतल्या खोलीत, अक्काच्या उजव्या उशाशी स्टुलावर आणून ठेवला. वस्तू तपासायची तर जवळून तपासावी. घुंडी पाचशेवर नेली. काटाही तिथं गेला. सेल गार होते.

पहिल्या दिवशी मनगट वळलं. दुसऱ्या दिवशी कोपर. अच्युतराव खाटेजवळ खुर्ची टाकून बसले होते आणि इतके हसत होते की पुष्पाला त्यांची ओळख पटेना. तिसऱ्या दिवशी अक्काच्या छातीतून आवाज येऊ लागला. बोलण्याचा नव्हे, कण्हण्याचाही नव्हे. एकसारखी, बारीक, न थांबणारी गुणगुण, श्वास आत जातानाही आणि बाहेर येतानाही. पुष्पा म्हणाली, भजन म्हणून राहिली असेल. अच्युतरावांनी एक कान अक्काकडं केला आणि एक चार्जरकडं. दोन्हीकडून एकच सूर येत होता. ट्रान्सफॉर्मर असाच गुणगुणतो.

वहीत त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं: आवाज. आणि पुढं लिहिलं: कोपर ठीक.

चौथ्या दिवशी त्यांनी फॉर्म भरला नाही. घुंडी सरळ आठशेवर नेली. खिडकीला पडदा होता, बाहेर सकाळचे साडेदहा वाजले होते, गल्लीतून भंगारवाला ओरडत चालला होता. अच्युतराव पुष्पाला सांगून पाच मिनिटं बैठकीत वही आणायला गेले.

घंटी वाजली. एकदा, दोनदा, तीनदा. वही घेऊन ते निघाले. मग ती चौथ्यांदा वाजली.

चार म्हणजे काय, हे ठरलेलं नव्हतं. दोन महिन्यांत चार्जर चालू असताना घंटी एकदाही वाजली नव्हती. ते दारात पोचले तेव्हा पुष्पा भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडात धरून.

अक्का उठून बसली होती. उजवा हात तिनं समोर धरला होता, मूठ वळलेली, आत टॉर्चएवढी जागा. आणि मुठीत काही नसताना मूठ पेटली होती. लहानपणी टॉर्चवर तळवा ठेवल्यावर बोटं आतून लाल दिसतात, कडा पारदर्शक होतात आणि हाडांची काळी सावली पडते, तशी. पडद्यावर त्या मुठीचा लाल डाग हलत होता. गुणगुण आता भांड्यांच्या कपाटालाही ऐकू जात असावी, कारण आतले पेले किणकिणत होते.

“अक्का,” अच्युतराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज आनंदानं फुटला. “अक्का, हात बघ तुझा!”

अक्का हाताकडं बघत नव्हती. ती त्यांच्याकडं बघत होती. डाव्या हातानं तिनं बटण दाबलं. मागं बैठकीत घंटी वाजली. चारदा.

“आणखी थोडं. आज खांदा होईल. चौदा तास होऊ दे फक्त.”

चारदा.

“भाऊ, बंद करा ते!” पुष्पा ओरडली. “तुम्हाला दिसून नाही राहिलं काय? बाई जळून राहिली!”

“सेल गार आहेत,” अच्युतराव म्हणाले. खरंच त्यांनी अंगठा ठेवून पाहिलं होतं. “सेल एकदम गार आहेत. धोका कसा असेल?”

ते बोलले आणि त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. वही हातात होती. फॉर्म तिच्यात घडी घालून ठेवला होता. तो अर्धा बाहेर आला होता. वस्तू: सेल नं. ७ व ८. क्षमता: दोन हजार. सेलवर छापलेलं होतं तेच त्यांनी उतरवलं होतं. चौतीस वर्षांत हजारो फॉर्म भरले, पण वस्तूच्या रकान्यात चुकीची वस्तू लिहायची चूक त्यांच्या हातून कधी झाली नव्हती. भरत होते ते सेल नव्हतेच. आणि जिला भरत होते तिच्या अंगावर कुठंच काही छापलेलं नव्हतं. दहावा हिस्सा कशाचा काढायचा?

त्यांचा हात घुंडीकडं गेला आणि घुंडीवरच थांबला. कमी केलं तर खांदा राहून जाणार. बंद केलं तर हात जाणार. एवढा एक क्षण ते थांबले, आणि तो क्षण पुढं त्यांच्या वहीत कधीच आला नाही, पेन्सिलीनंही नाही.

तेवढ्यात तो लाल हात त्यांच्या हातावरून पुढं गेला. खांद्यातून. सहज. फळ्यावरचं शेवटचं वाक्य पुसायला जावा तसा. दोन बोटांनी, खडू धरायच्या चिमटीनं, अक्कानं सात नंबर उपसला. मग आठ नंबर. काटा शून्यावर पडला. पेले थांबले.

तिनं अच्युतचा तळवा उलटा केला, दोन्ही सेल त्यात ठेवले, आणि त्याची बोटं एकेक करून त्यांच्यावर मिटली. आधी करंगळी, शेवटी अंगठा. नऊ वर्षांच्या पोराच्या हातात शाळेत जाताना चणे-फुटाणे देऊन मूठ मिटावी, तशी. मग तिच्या बोटांतला लाल उजेड पायरीपायरीनं उतरला, आणि हात गादीवर पडला. पडताना त्याचा आवाज झाला, जड वस्तूचा.

अच्युतरावांच्या मुठीत सेल गरम होते. चटका बसेल असे नव्हेत. कोमट. भरलेल्या सेलचे.

पापणी लवली. अक्कानं डोळे मिटले, उघडले, आणि डाव्या हातानं बटण दाबलं.

एकदा.

पुष्पा रडत होती, म्हणून पाणी अच्युतरावांनीच आणलं. दुसऱ्या हातातले सेल खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही. अक्कानं डाव्या हातानं पेला धरला, निम्मं पाणी हनुवटीवरून सांडलं, आणि उरलेलं ती पुरतं प्यायली.

ही फेब्रुवारीतली गोष्ट. आता मे चालू आहे. उजवा हात पहिल्यासारखाच गार आणि जड आहे. मालिश चालू आहे. घंटीचे हुकूम चार झाले आहेत. चार म्हणजे बास. पुष्पानं तोंड फार चालवलं की अक्का तो वापरते. चार्जर परत बैठकीत गेला आहे आणि घुंडीवर नवी पट्टी आहे. तिच्यावर एक सही अच्युतरावांची आहे, दुसरी पुष्पाची. तिला का विचारलं ते तिला कळलं नाही, पण तिनं केली.

सात आणि आठ नंबरचे सेल अजून कोमट आहेत. तीन महिने झाले. अच्युतरावांनी ते टॉर्चमध्ये घालून टॉर्च अक्काच्या डाव्या उशाशी ठेवली आहे. तिचं बटण कुणी दाबलेलं नाही. ते कधी दाबायचं, हे ठरवणारी बाई तिथंच असते.

परवा भर दुपारी लाइट गेली, आणि रत्नाकर तळघरातला फ्यूज बघायला टॉर्च मागायला आले. आतल्या खोलीत त्यांना ती दिसली.

“ही देऊन टाक ना पाच मिनिटं. चार्ज आहे का?”

“आहे,” अच्युतराव म्हणाले. “पण ती नाही मिळणार.”

रत्नाकरनी तरी हात लांब केला, बोटं टॉर्चला लागली, आणि ती त्यांनी मागं घेतली. हात पॅंटला पुसला.

“गरम आहे रे,” ते म्हणाले. “किती वेळ लावली होती?”

खाटेवरून डाव्या हातानं बटण दाबलं गेलं, आणि बैठकीत घंटी वाजू लागली. दोघांनी मोजली. चार.

“चला,” अच्युतराव म्हणाले, “बाहेर बसू.”